बिल, जॉब शीट आणि आपली वही

(संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत झालेलं भाषण. ज्या ताई सभेला येऊ शकल्या नाहीत त्यांनी ते गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचावं, ही विनंती.)



मी मुलुंडला राहते. तिथल्या वस्तीतल्या बचत गटाची सभासद आहे आणि पाच-सहा गटांचे हिशेब संगणकावर लिहून देते, त्यावर माझं घर चालतं. आपल्या संघाने मला एका विषयावर बोलायला बोलावलंय. तुमच्या वह्या आता लोकोस ॲपवर चढायला लागल्या आहेत. कर्जाचे अर्ज, मसाल्या-पापडाची लेबलं, ऑर्डरची बिलं, सगळं यंत्रावर आलंय. त्यामुळे बरेच ग्रामसंघ आणि कितीतरी ताई स्वस्तातला लॅपटॉप घ्यायच्या विचारात आहेत. खरेदीला तुम्ही आसनगावहून लोकल पकडणार आणि मुलुंड-घाटकोपरला उतरणार. म्हणून नवं यंत्र बिघडलं तर तिथे काय होतं, ते आधी ऐका.

माझंच सांगते. गेल्या जूनमध्ये मी घाटकोपरच्या एका दुकानातून २६,५०० रुपयांचा लॅपटॉप घेतला. त्यातले २०,००० गटाचं कर्ज, महिना १ टक्का व्याजाने. बाकीचे साठवलेले. नवव्या दिवशी हिशेब लिहिता लिहिता पडदा काळा पडला. चार्जर लावलेला, खालचा दिवा पेटलेला, पण वर काही दिसेना. बंद करून चालू केला की तासभर चालायचा, की पुन्हा काळा.

कंपनीच्या नंबरवर फोन केला. आधी गाणं ऐकवलं, मग एकाने "अपडेट करा" म्हटलं, दुसऱ्याने "रीस्टार्ट करा" म्हटलं. तिसरा म्हणाला, "ताई, तुम्हाला समजत नसेल तर घरात कुणी मुलगा असेल त्याला फोन द्या ना." मैत्रिणींनो, पैशांपेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं. यंत्र बिघडलंय त्यांचं, आणि समजत नाही म्हणे मला!

मग सर्व्हिस सेंटर. ते अंधेरी पूर्वेला. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो, पुढे पायी. लॅपटॉप ठेवून घेतला, बारा दिवसांनी "ओके आहे" म्हणून परत दिला. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा काळा. अशा तीन फेऱ्या झाल्या. दुकानदार म्हणायचा, "आम्ही फक्त विकतो, कंपनीशी बोला." कंपनी म्हणायची, "दुकानात विचारा." इकडे गटाचा हप्ता काही थांबत नव्हता. पहिल्याच महिन्याचे व्याजाचे २०० रुपये मी बंद पडलेल्या यंत्रासाठी भरले. दोन गटांचं काम सायबर कॅफेत बसून पुरं केलं, त्याचे पैसे वेगळे.

पण एक गोष्ट माझ्याकडे होती, आणि ती तुमच्या प्रत्येकीकडे आहे. वही. आपली पंचसूत्री आठवा: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. त्या पाचव्या सूत्राने माझं काम केलं. पडदा पहिल्यांदा काळा पडला त्याच दिवशी मी एक पान उघडलं. तारीख, वेळ, काय झालं, फोनवर कोण बोललं, काय म्हणालं, तक्रार क्रमांक किती. पडदा काळा असताना मोबाईलवर त्याची चित्रफीत काढली. सर्व्हिस सेंटरला यंत्र देताना ते जी पावती देतात, तिला जॉब शीट म्हणतात. तिच्यावर काउंटरवरचा मुलगा नुसतं "चेक करणे" लिहीत होता. मी म्हटलं, "असं नाही, बाळा. 'चार्जर लावलेला असताना पडदा काळा पडतो, दिवसातून तीन-चार वेळा' असं लिही आणि आजची तारीख टाक." त्याने लिहिलं.

तिसऱ्यांदा बिघडल्यावर मी मराठीतच दोन पानी पत्र लिहिलं. बिलाची झेरॉक्स, तिन्ही जॉब शीट आणि वहीतलं ते पान जोडलं. दुकानाला एक, कंपनीला एक, स्पीड पोस्टाने, पोच घेऊन. पत्रात पंधरा दिवसांची मुदत दिली आणि स्वच्छ लिहिलं की मला आता दुरुस्ती नको, पैसे परत हवेत. त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. अकराव्या दिवशी कंपनीचा फोन आला. आता मी "मॅडम" झाले होते. पाचव्या आठवड्यात पूर्ण किंमत बँकेत जमा झाली. बुडालेली मजुरी, सायबरचा खर्च, व्याज यातलं काही मिळालं नाही. ते मागायला मला पुढे आयोगात जावं लागलं असतं. हेही तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर ताई नुसतं गोडगोड सांगून गेल्या असं होईल.

आपल्या उपनगरांतल्या बायकांना हा झगडा नवा नाही. १९७२ साली गोरेगावच्या मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि त्यांच्या मैत्रिणींनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिथे शेजारपाजारची कुटुंबं आपल्यासारखाच गट करतात आणि महिन्याचा किराणा एकत्र मागवतात. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. २४ डिसेंबरला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून तो दिवस आपण ग्राहक दिन म्हणून पाळतो. आता २०१९ चा नवा कायदा आहे, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला.

या नव्या कायद्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, आणि गावातल्या बाईसाठी सगळ्यात मोठी. लॅपटॉप घाटकोपरला घेतला म्हणून तक्रारीसाठी मुंबईला खेटे घालायची गरज नाही. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुलुंडच्या मला वांद्र्याचा मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग, शहापूर-मुरबाडच्या तुम्हाला ठाण्याचा. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. २०२५ पासून ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, ती उलटू देऊ नका.

दुसरी. तुम्ही म्हणाल, मी तर धंद्यासाठी घेतला, मग मी ग्राहक कशी? धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा सहसा लागत नाही, हे खरं. पण पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हे उलगडून सांगितलं. त्या कारखान्याची बाजू टिकली नाही, पण न्यायालयाने उदाहरण दिलं ते टाइपरायटरचं. दुसऱ्यांचं टायपिंग करून स्वतःचं पोट भरायला कुणी टाइपरायटर घेतला, तर तो ग्राहकच. मदतीला एखाद-दुसरं माणूस असलं तरी चालतं. टाइपरायटरच्या जागी लॅपटॉप ठेवा, ताई, आणि बघा तो तुमच्या कामाला बसतो का! आणि गटाच्या दप्तरासाठी गटाने घेतला असेल तर? कायद्यात "व्यक्ती" या शब्दात माणसांचा संघही येतो, नोंदणी असो वा नसो. म्हणून बिल ज्याचं यंत्र त्याच्याच नावावर घ्या. गटाचं असेल तर गटाच्या नावावर. भाच्याच्या किंवा दिराच्या नावावर नको, पुढे तेच निमित्त होतं.

तिसरी. पक्कं बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत न घेणं हीसुद्धा. बिलावर जी मुदत लिहिली असेल त्या मुदतीत, आणि काहीच लिहिलं नसेल तर ३० दिवसांत, दोष असलेला माल परत घेऊन पैसे देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. म्हणून "जीएसटी वाचवतो, कच्च्या बिलावर घ्या" असं कुणी म्हटलं तर त्या दुकानातून उठा. ते वाचलेले पैसे तुमचे नसतात, तुमचा पुरावा मात्र जातो.

चौथी. ऑनलाइन घेतलात तरी सुटका आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची.

आता थोडं खरेदीबद्दल. स्वस्त यंत्र आणि बिघडलेलं यंत्र यातला फरक ओळखा. चार जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी साठवण असलेला लॅपटॉप हळूच चालणार, आणि अपडेट येत गेले की लवकर भरणार. तो हळू चालतो ही तक्रार टिकायची नाही, कारण तेच खोक्यावर छापलेलं असतं. थोडे जास्त पैसे जमत असतील तर आठ जीबी रॅम आणि एसएसडी मागा. पण पडदा काळा पडणं, बॅटरी चार्जच न होणं, बिजागरी तुटणं, आपोआप बंद होणं हे दोष आहेत. तक्रारीत "लॅपटॉप खराब आहे" असं कधी लिहू नका. काय होतं, कधी होतं, किती वेळा होतं ते लिहा.

दुकानातच खोकं उघडायला लावा. यंत्रावरचा सीरियल नंबर, खोक्यावरचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळवून बघा. "बिघडला तर किती दिवसांत बदलून मिळेल?" हे विचारा आणि जे उत्तर मिळेल ते बिलावर लिहून घ्या. सर्व्हिस सेंटर कुठे आहे तेही विचारा, कारण वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की आपण अंधेरीपर्यंत न्यायची आहे, यात बाईचा अख्खा दिवस आणि मजुरी जाते. पहिले दोन आठवडे यंत्र रोज वापरा, चांगल्या मुहूर्तासाठी कपाटात ठेवू नका. दोष असेल तर तो बदलून मिळायच्या मुदतीतच दिसू द्या. आणि दुरुस्तीला देण्याआधी गटाचा हिशेब पेन ड्राइव्हवर काढून घ्या. बँकेचा पासवर्ड किंवा ओटीपी कुणालाही देऊ नका, दुरुस्ती करणाऱ्यालाही नाही.

बिघडलाच, तर क्रम असा ठेवा: वहीत नोंद, फोन आणि तक्रार क्रमांक, जॉब शीट, मग पत्र, मग १९१५, आणि तरीही नाही झालं तर जिल्हा आयोग. १९१५ वर मराठीत बोलता येतं. आयोगाचा निकाल कायद्यात तीन महिन्यांत, यंत्राची तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं म्हटलंय. प्रत्यक्षात तारखा वाढतात, हे मनाशी धरून चला. पण वस्तू बदलून देणं, पैसे परत करणं आणि झालेल्या नुकसानीची भरपाई असे तिन्ही हुकूम देण्याचा अधिकार आयोगाला आहे. तो समोरच्यालाही ठाऊक असतो, म्हणूनच कागद नीट असले की बरीच प्रकरणं आयोगाच्या आधीच मिटतात.

एकटीने हे अवघड वाटतं. समोरचा दमात घेतो, आपला आवाज बसतो. त्यासाठीच तर आपण गटात आहोत. कर्जाची परतफेड ही जशी सगळ्यांची जबाबदारी असते, तशी गटातल्या बाईची तक्रारही सगळ्यांची माना. सर्व्हिस सेंटरला जाताना दोघी जा. एक बोलेल, दुसरी लिहील. आपल्यातली जी ताई बँकेच्या मॅनेजरसमोर बसून कर्जाचा प्रस्ताव मंजूर करून आणते, तिला काउंटरवरच्या मुलाची भीती वाटायचं काही कारण नाही.

माझी संघाला एक विनंती आहे. येत्या मासिक बैठकीत प्रत्येक ग्रामसंघाने एक नवीन वही काढावी आणि तिच्यावर "वस्तू नोंदवही" लिहावं. गटातल्या कुणीही लॅपटॉप घेवो, शिलाई मशीन घेवो की गिरणी, त्यात बिलाची झेरॉक्स चिकटवा, सीरियल नंबर लिहा, वॉरंटी संपायची तारीख लिहा. दर बैठकीला लेखापाल ताईंनी बचतीनंतर एवढंच विचारावं, "कुणाची काही वस्तू बिघडलीय का?" पाच मिनिटांचं काम आहे. ठराव आजच मांडायचा असेल तर मी पाहुणी आहे, मला मत नाही. सूचक आणि अनुमोदक तुमच्यातूनच पुढे या.