एड्सचे विज्ञान आणि आपले वर्तन

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात तासगाव येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस आजच्या प्रसंगी मुलांना चार उपयोगाच्या गोष्टी सांगण्याची आज्ञा केली. आम्ही विषय कळविला, तेव्हा ते किंचित संकोचले. गुणगौरवाच्या मंगल प्रसंगी असल्या रोगाचे नाव कशाला, असा त्यांचा सरळ मनाचा प्रश्न होता. त्यावर आमचे म्हणणे एवढेच की, ज्या रोगाचे नाव चारचौघांत घेता येत नाही, त्याचे ज्ञान मुलांना चोरून, अर्धवट आणि बहुधा चुकीचे मिळते. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. वैद्यकशास्त्राचे पंडित नव्हे. परंतु अडतीस वर्षे हाती खडू धरल्यामुळे, जे आपणांस समजले ते दुसऱ्यास समजेल अशा बेताने सांगण्याची सवय मात्र अंगी मुरली आहे. हा विषय निवडण्यास आणखी एक कारण आहे. ते आमच्याच आयुष्यातले असून फारसे भूषणावह नाही. ते योग्य ठिकाणी सांगूच.

आपल्या तासगाव भागातील मुलांना द्राक्षबाग समजावून सांगावी लागत नाही. घड भरू लागले की पाखरांपासून आणि चोरांपासून जपावे लागते, आणि दावण्या व भुरी यांवर तर छाटणीपासूनच नजर ठेवावी लागते. बागेचा राखणदार चार रात्री गैरहजर राहिला तर काय होते, हे ज्याची बाग आहे त्यासच विचारावे. मनुष्यदेहाची गोष्टही अशीच आहे. हवेतून, पाण्यातून, अन्नातून असंख्य रोगजंतू रात्रंदिवस आपल्या शरीरात येत असतात. तरीही आपण रोज आजारी पडत नाही, कारण रक्तातील पांढऱ्या पेशी अखंड राखण करीत असतात. या पेशींत एक प्रकार असा आहे की, तो शत्रू ओळखतो आणि इतर पेशींना हाक घालून कामाला लावतो. यांना साहाय्यक टी-पेशी म्हणतात. त्यांच्या पृष्ठभागावर सीडी-४ नावाचे प्रथिन असते, म्हणून सीडी-४ पेशी हे त्यांचे दुसरे नाव. निरोगी प्रौढ मनुष्याच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये या पेशी साधारणपणे ५०० ते १५०० असतात.

एच.आय.व्ही. हा विषाणू नेमका या राखणदारांवरच घाला घालतो. त्याचा व्यास एका मिलिमीटरच्या सुमारे दहाहजाराव्या भागाइतका. तो खात नाही, श्वास घेत नाही, आणि दुसऱ्याच्या पेशीत शिरल्यावाचून त्याची वाढ होत नाही. त्याच्या आवरणावर खुंट्यांसारखी प्रथिने असतात. ही प्रथिने सीडी-४ प्रथिनाशी, कुलपात किल्ली बसावी तशी, जुळतात. शेजारच्या आणखी एका प्रथिनाचा आधार मिळाला की विषाणूचा ऐवज पेशीच्या आत उतरतो. हा ऐवज म्हणजे आरएनए या स्वरूपातील आनुवंशिक मजकुराच्या दोन प्रती आणि तीन विकरे.

पुढील भाग नीट ध्यानात घ्यावा, कारण सगळी मेख येथेच आहे. आपल्या पेशींचा मूळ दस्तऐवज डीएनए हा होय. त्यावरून कामापुरती नक्कल निघते ती आरएनए. हा विषाणू उलट चालतो. त्याचे पहिले विकर आरएनएवरून डीएनए तयार करते; म्हणूनच अशा विषाणूंना रेट्रोव्हायरस, म्हणजे उलट दिशेने लिहिणारे विषाणू, असे म्हणतात. दुसरे विकर हा नवा डीएनए पेशीच्या मूळ डीएनएमध्ये घुसविते. शेतकऱ्यांच्या मुलांना सांगायचे तर, एखाद्याने आपल्या सातबाऱ्यावर खोटी नोंद घालावी तसा हा प्रकार आहे. नोंद एकदा मूळ दप्तरात गेली की, पुढे निघणाऱ्या प्रत्येक उताऱ्यावर ती उमटते, आणि उतारा देणारास तिचा संशयही येत नाही. त्याचप्रमाणे पेशी आपलेच काम समजून विषाणूचे सुटे भाग तयार करीत राहते; तिसरे विकर ते भाग कापून जुळविते; नवे विषाणू बाहेर पडून दुसऱ्या पेशींत शिरतात, आणि राखणदार पेशी क्रमाक्रमाने नष्ट होत जातात. शिवाय नक्कल करताना हा विषाणू पुष्कळ चुका करतो, त्यामुळे त्याचे रूप सारखे पालटते. त्यावर परिणामकारक लस अद्याप हाती आलेली नाही, याचे हे एक प्रमुख कारण होय.

लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत कित्येकांना ताप येतो, घसा दुखतो, आणि ते आपोआप बरेही होते. त्यानंतर, उपचार न घेतल्यास, सुमारे आठ-दहा वर्षांचा शांत काळ जातो. मनुष्य धडधाकट दिसतो, शेतात राबतो, लग्नकार्यात मिरवतो. आत मात्र पेशींची संख्या घटत असते. ती २०० च्या खाली गेली, अथवा विशिष्ट गंभीर रोग जडले, म्हणजे त्या अवस्थेस एड्स म्हणतात. एच.आय.व्ही.ची लागण आणि एड्स या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मुलांनी पक्के ध्यानात ठेवावे. रोगी दगावतो तो बहुधा इतर रोगांनी. आपल्या देशात त्यांपैकी प्रमुख क्षयरोग. राखणदार गेल्यावर बाग कोणी लुटली, एवढाच मग प्रश्न उरतो. आणखी एक गोष्ट अशी की, लागण झाल्याबरोबर रक्ततपासणीत ती दिसतेच असे नाही. त्यासाठी काही आठवडे, क्वचित तीन महिनेही, जावे लागतात.

हा विषाणू पसरतो कसा? रक्त, वीर्य, योनिस्राव आणि मातेचे दूध हीच त्याची वाहने. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, एकमेकांची वापरलेली सुई आणि लागण झालेल्या मातेकडून बालकास, या वाटांनी तो जातो. शिवण्याने, एका ताटात जेवल्याने, एका हौदातील पाण्याने, एका बाकावर बसल्याने, खोकल्याने किंवा डास चावल्याने तो जात नाही. डासाविषयी मुले हटकून विचारतात. डास चावतो तेव्हा तो आपली लाळ टोचतो, आधी प्यालेले रक्त नव्हे. आणि हा विषाणू डासाच्या पोटात वाढत नाही, तेथे तो पचून जातो. मलेरियाच्या परोपजीवीची गोष्ट निराळी. त्याचे अर्धे आयुष्यच डासात जाते.

आता थोडा इतिहास. १९८१ साली अमेरिकेत या रोगाची प्रथम नोंद झाली. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला, आणि त्याबद्दल फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी व ल्यूक माँतान्ये यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात हा रोग नाहीच, अशी पुष्कळांची समजूत होती. ती १९८६ साली मद्रासेत दोघी स्त्रियांनी दूर केली. एक डॉ. सुनीती सॉलोमन, या माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी व्यापारी घराण्यातील. दुसरी त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला. निर्मलाबाईंनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले, सोय नव्हती म्हणून घरच्या फ्रीजमध्ये ठेवले, आणि वेलोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात नेऊन तपासले. त्यांपैकी काहींत एच.आय.व्ही.ची लागण आढळली आणि देश जागा झाला. आज बक्षीस घेणाऱ्या मुलींनी हे ध्यानात ठेवावे की, एवढे मोठे कार्य एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातून उभे राहिले.

आपल्या सांगली जिल्ह्यातही या रोगाने एके काळी मोठे थैमान घातले. पोटासाठी परमुलखी जाणारे आपल्याकडे पुष्कळ; खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतील गलाई करणारे बांधव तर सोने-चांदी आटविण्यासाठी देशभर पसरले आहेत. परगावी जाणे हा काही दोष नव्हे; परंतु घरापासून दूर, एकाकी राहणाऱ्या तरुणास या रोगाची माहिती कोणी देत नसे, हा दोष आपला. १९९२ पासून संपदा ग्रामीण महिला संस्था, म्हणजेच 'संग्राम', हिने आपल्या जिल्ह्यात कार्य सुरू केले. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनीच आपल्या मैत्रिणींना निरोध वाटावेत, माहिती सांगावी, अशी ती रीत होती. ज्यांना आपण दारात उभे करीत नाही, त्यांनी हे शहाणपण आपल्याआधी दाखविले. पुढे १ एप्रिल २००४ पासून शासनाने या रोगावरील औषधे मोफत देण्यास आरंभ केला. प्रथम देशातील मोजक्या रुग्णालयांत, त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते.

येथे आम्हांस आमची गोष्ट सांगितली पाहिजे. साल २००२. तालुक्यातील एका गावी आम्ही चौथीचा वर्ग शिकवीत होतो. वर्गात एक मुलगी होती, आपल्याच ज्ञातीतील. वडील परमुलखातून आजारी होऊन परतले आणि वारले. वर्षाच्या आत आईही गेली. गावात कुजबुज झाली, आणि एके दिवशी काही पालक, तेही बहुतेक आपल्यातलेच, शाळेत आले. मुलीस वेगळे बसवा, नाही तर आम्ही आमची मुले काढतो, असे त्यांनी बजावले. मुलीस लागण होती की नव्हती, हे कोणासच ठाऊक नव्हते. आणि असती, तरी शेजारच्या मुलास तिच्यापासून काडीचेही भय नव्हते. हे आम्ही त्याआधी प्रशिक्षणाच्या वर्गात ऐकले होते, वहीत उतरवून घेतले होते. तरीही आम्ही तिला दाराजवळ एकटी बसविली, आणि पाण्याचा पेला घरून आणावयास सांगितला. शाळेत शांतता राहावी म्हणून, असे आम्ही मनाशी म्हटले. ती मुलगी रडली नाही. तिने दप्तर उचलले आणि दाराशी जाऊन बसली. महिन्याभरात आजोळचे लोक तिला घेऊन गेले. पुढे तिचे काय झाले, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस आजवर झाले नाही.

मित्रहो, त्या दिवशी आम्हांस ज्ञान नव्हते असे नाही. ज्ञान वहीत होते आणि वर्तन दाराशी बसविण्याचे होते. विज्ञान पाठ करण्याने मार्क मिळतात, त्याप्रमाणे वागण्याने माणूस वाचतो. आम्ही पहिले शिकविले, दुसरे चुकलो.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. देशात सुमारे २५ लाख लोक या लागणीसह जगत आहेत, आणि त्यांत महाराष्ट्रातील संख्या सर्वांत मोठी आहे. परंतु जगत आहेत, हा शब्द महत्त्वाचा. २०१७ पासून लागण कळताच, पेशींची संख्या कितीही असो, उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. तीन औषधे एकत्र असलेली एक गोळी बहुतेकांस रोज पुरते. ती विषाणूच्या विकरांचे काम अडविते. दप्तरातील खोटी नोंद तिने खोडली जात नाही, म्हणून गोळी जन्मभर घ्यावी लागते. परंतु त्या नोंदीचे नवे उतारे निघणे थांबते. गोळी नियमित घेऊन रक्तातील विषाणू मोजता येणार नाहीत इतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर त्या व्यक्तीकडून शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. उपचाराअभावी लागण झालेल्या मातांच्या शंभर बालकांपैकी १५ ते ४५ बालकांस लागण होते. वेळेवर उपचार घेतल्यास हे प्रमाण पाचाच्याही खाली येते. आणि २०१७ साली झालेला, १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला कायदा सांगतो की, या कारणासाठी कोणासही शाळेत अगर नोकरीत वेगळे वागविता येणार नाही, आणि कोणाच्या लागणीची वार्ता त्याच्या संमतीवाचून फोडता येणार नाही.

तेव्हा ज्ञातिमंडळापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली : आपण दरवर्षी वधूवर मेळावा भरवितो, पत्रिकेतील गुण जुळवितो. वधू आणि वर या दोघांनीही स्वखुशीने, समुपदेशन घेऊन रक्त तपासावे, असा प्रघात घालावा. तपासणीचा निकाल ज्याचा त्यालाच कळावा, मंडळाने तो विचारू नये. दुसरी : मंडळाच्या वसतिगृहात किंवा शिष्यवृत्तीत कोणाच्या रोगाचा प्रश्न कधीही येऊ देऊ नये. तिसरी विनंती विद्यार्थ्यांना : शंका आली तर मित्रास न विचारता १०९७ या मोफत क्रमांकावर विचारावे. शासकीय रुग्णालयांत तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त ठेवले जाते. तरुणपणी संयम ठेवावा, संसारात एकनिष्ठ राहावे, सुई नेहमी नवीच घ्यावी, आणि जेथे धोका संभवतो तेथे निरोधावाचून जाऊ नये.

या विषाणूला कुळी कळत नाही, ज्ञाती कळत नाही, घराण्याची अब्रू कळत नाही. त्याला फक्त सीडी-४ पेशी कळते. अब्रूचा प्रश्न आपण उत्पन्न केला आहे, तो आपणच मिटविला पाहिजे.

असो. व्याख्यान लांबले. तुमच्यापैकी कोणी उद्या शिक्षक होईल, कोणी डॉक्टर, कोणी नुसता शेजारी होईल. एखादे दिवशी एखादे मूल तुमच्या दाराशी एकटे बसलेले दिसेल. तेव्हा वहीत काय लिहिले आहे ते आठवा, आणि त्याला उठवून आपल्या शेजारी बसवा. आमच्या हातून जे राहिले ते तुमच्या हातून घडो, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.