संदर्भग्रंथांच्या कपाटातील समाज

(एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या वर्धापनदिनी समाजशास्त्राचे विद्यार्थी, शिक्षक व वाचक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



पुण्याजवळ पिंपळे सौदागर नावाचे उपनगर आहे. आज तेथे उंच उंच गृहसंकुले उभी आहेत आणि संगणक क्षेत्रात काम करणारी तरुण कुटुंबे त्यांत राहतात. शंभर वर्षांपूर्वी हे एक साधे कुणबाऊ खेडे होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी या खेड्याची शेतोशेत आणि घरोघर हिंडून पाहणी केली आणि १९१७ साली 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' हा ग्रंथ सिद्ध केला. गावातील एका खातेदाराकडील सरासरी जमीन १७७१ मध्ये ४० एकर होती. १९१५च्या सुमारास ती अवघी ७ एकर उरली होती, हे त्यांनी जुनी कागदपत्रे धुंडाळून दाखवून दिले. वाटण्या, तुकडे आणि कर्ज या तीन शब्दांत दख्खनच्या शेतकऱ्याचा दीड शतकाचा इतिहास त्या आकड्यांत उतरला आहे. पुढे १९२१ साली मान यांनी कानिटकर यांच्या सहकार्याने जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचाही असाच अभ्यास प्रसिद्ध केला.

आज पिंपळे सौदागरमध्ये राहणाऱ्या किती कुटुंबांना हे ठाऊक असेल? आपण ज्या भूमीवर राहतो तिचा असा अभ्यास झालेला आहे, तो ग्रंथरूपाने उपलब्ध आहे, आणि तो मागितला तर काढून देणारा माणूस ग्रंथालयात बसलेला आहे, याची वार्ताच नसणे ही आपल्या सुशिक्षित समाजाची मोठी उणीव आहे. मान यांच्या ग्रंथापूर्वी दोनच वर्षे, १९१५ साली, त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांव-गाडा' प्रसिद्ध झाला होता. महसूल खात्यात काम केलेल्या या गृहस्थाने पाटील-कुलकर्णी, बलुतेदार-अलुतेदार, फिरस्ते यांचे परस्परसंबंध मराठीत मांडले. इंग्रज प्राचार्याचे आकडे आणि मराठी अधिकाऱ्याचे निरीक्षण शेजारी शेजारी ठेवून वाचले म्हणजे गाव डोळ्यांसमोर उभे राहते. दोहोंपैकी एकच वाचले तर ते अर्धेच दिसते.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने ग्रंथालयात नेमके कोठे उभे राहावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. दशांश वर्गीकरणात समाजशास्त्रे ३०० ते ३९९ या क्रमांकांत येतात. समाजशास्त्राची पाटी ३०१च्या आसपास लागलेली असते, म्हणून विद्यार्थी तेथेच घुटमळतो. परंतु रूढी, सण, लग्नविधी हे ३९० मध्ये, कायदा ३४० मध्ये, अर्थव्यवहार ३३० मध्ये. आणि ज्यात जिल्ह्याचा सारा समाज सामावला आहे ते गॅझेटिअर भलत्याच टोकाला, भूगोल-इतिहासाच्या कपाटात! समाज कपाटांच्या क्रमाने जगत नाही. यास्तव चांगला संदर्भ ग्रंथपाल हा या शास्त्राचा पहिला गुरू म्हटला पाहिजे. त्याला प्रश्न विचारण्यात संकोच कसला?

कोशवाङ्मयापासून आरंभ करावा, हा जुना उपदेश आजही खरा आहे. सेलिग्मन यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३५ या काळात निघालेला १५ खंडांचा समाजशास्त्रांचा इंग्रजी विश्वकोश आणि डेव्हिड सिल्स यांनी १९६८ मध्ये सिद्ध केलेला १७ खंडांचा आंतरराष्ट्रीय कोश मोठ्या ग्रंथालयांत असतात. मराठीत स. मा. गर्गे यांनी संपादिलेला 'भारतीय समाजविज्ञान कोश' आहे, वाईचा विश्वकोश आहे, महादेवशास्त्री जोशी यांचा १० खंडांचा 'भारतीय संस्कृतिकोश' आहे, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. परंतु मराठी माणसाने या विषयात ज्या नावापाशी थोडे थांबलेच पाहिजे, ते नाव डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे.

केतकर कोशकार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. ते मुळात समाजशास्त्राचे अभ्यासक होते, हे मात्र विसरले जाते. १९०६ साली ते अमेरिकेस गेले, कॉर्नेल विद्यापीठात शिकले आणि १९०९ मध्ये त्यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. असा विद्वान मायदेशी परतून एखाद्या महाविद्यालयात स्वस्थ अध्यापन करता. केतकरांनी मात्र भाग विकून भांडवल उभे केले, मंडळ स्थापिले आणि १९२० ते १९२९ या काळात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड मराठी वाचकाच्या हाती दिले. पहिले पाच खंड केवळ प्रस्तावनेचे. त्यांतील पहिल्याचेच नाव 'हिंदुस्थान आणि जग'. जगाच्या संदर्भात आपला समाज कोठे उभा आहे, हे कळल्याशिवाय अकारविल्हे नोंदींना अर्थ नाही, ही त्यांची भूमिका होती. समाजाचा अभ्यास करायचा तर त्या समाजाच्या भाषेत साधने हवीत, हे ओळखून त्यांनी आधी साधने घडविली. या खटाटोपात ते कर्जबाजारी झाले, लोकांनी त्यांची चेष्टाही केली. असो. आज तो ज्ञानकोश संगणकावरही पाहता येतो. पाहणारे किती, हा प्रश्न निराळा.

मराठीत काय काय छापले गेले, याचा पत्ता लावण्याचे असेच कष्टाचे काम शंकर गणेश दाते यांनी केले. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची त्यांची सूची १९४३ मध्ये निघाली. एखाद्या जातीच्या परिषदेचा अहवाल किंवा विधवाविवाहावरील चाळीस पानांची पुस्तिका अस्तित्वात होती, हे आपल्याला कळते ते अशा सूचीमुळे.

आता आकड्यांकडे वळू. आपल्या देशात पहिला जनगणनेचा प्रयत्न १८७२च्या सुमारास झाला आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी एकाच वेळी देशभर शिरगणती होऊ लागली. २०२१ साली मात्र ही परंपरा प्रथमच खंडित झाली. जनगणनेचे अहवाल हे समाजशास्त्राचे सर्वांत मोठे भांडार आहे आणि सर्वांत अधिक चुका होतात त्याही तेथेच. साक्षरतेचेच उदाहरण घ्या. १९८१ साली संपूर्ण लोकसंख्येशी साक्षरांचे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते, आणि १९९१चा प्रसिद्ध आकडा ५२ टक्के आहे. विद्यार्थी दोन्ही उतरवून घेतो आणि लिहितो की दहा वर्षांत सोळा टक्क्यांची झेप! वस्तुतः १९९१ पासून हे प्रमाण सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येशी काढले जाते. तोच निकष १९८१ला लावला तर आकडा ४३ टक्क्यांच्या पुढे जातो आणि झेप निम्मी होते. तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत हे लिहिलेले असते. संगणकाच्या पडद्यावर आकडा एकटाच झळकतो, त्याची तळटीप मागे राहते. हा मोठाच धोका आहे.

याहून गंभीर गोष्ट १९०१ची. तेव्हाचे जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जातींची नुसती मोजणी केली नाही, तर सामाजिक श्रेष्ठतेनुसार त्यांची क्रमवारी लावण्याचा घाट घातला. आपली जात वरच्या पायरीवर नोंदवावी म्हणून ठिकठिकाणच्या जातिसभांचे अर्ज सरकारदरबारी जाऊ लागले. जी उतरंड गावोगाव वेगळी होती, प्रदेशागणिक बदलत होती, तिला छापील पुस्तकाचे काठिण्य आले. नाकाची लांबी-रुंदी मोजून वंश ठरवावा आणि वंशावरून जात उलगडावी, अशी रिस्ले यांची उपपत्ती होती.

या उपपत्तीला उत्तर दिले ते मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडेस यांनी सुरू केलेला समाजशास्त्र विभाग १९२४ पासून घुर्ये यांच्याकडे आला. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कास्ट अँड रेस इन इंडिया' या ग्रंथात त्यांनी रिस्ले यांचीच मोजमापे हाती घेतली, प्रांतवार तपासली आणि दाखविले की उत्तरेतील एका भूभागाबाहेर नाकाचे प्रमाण आणि जातीचे स्थान यांचा मेळ बसत नाही. आकडे रिस्ले यांचे, निष्कर्ष मात्र त्यांच्याच विरुद्ध! परकीयांनी लिहिले म्हणून घुर्ये यांनी ते खंड दूर सारले नाहीत आणि छापलेले आहे म्हणून मानही तुकविली नाही. भारतीय विद्वत्तेचे हे तेज आहे. आपल्याकडे या ग्रंथांविषयी एक तर भाबडी भक्ती असते, नाही तर सरसकट तिटकारा. दोन्ही आळसाचेच प्रकार होत.

जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेले मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर याच दृष्टीने वाचावे लागते. पिके, बाजार, तलाव, घाटरस्ते, घरातील भांडीकुंडी यांची त्यातील माहिती अमोल आहे; पुणे जिल्ह्याचेच तीन भाग आहेत. परंतु त्यातच एखाद्या संपूर्ण जातीला 'कष्टाळू', दुसरीला 'आळशी', तिसरीला 'चोरटी' अशी विशेषणे बिनदिक्कत चिकटविलेली आढळतात. पुस्तकातील विशेषण पुस्तकात राहत नाही. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आणि १९११ मध्ये झालेला त्याचा विस्तार यांमागे हीच दृष्टी होती. जन्माला आलेले मूल गुन्हेगार ठरले. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची वसाहत उभी राहिली आणि तेथील माणसांना हजेरी द्यावी लागे. देश स्वतंत्र झाल्यानंतरही पाच वर्षांनी, १९५२ साली, हे कुंपण कायद्याने हटले आणि या बांधवांना 'विमुक्त' हे नाव मिळाले. पारधी समाजातील एखादा तरुण आज ग्रंथालयात येऊन गॅझेटिअरमध्ये आपल्या पूर्वजांविषयीचे पान उघडतो तेव्हा त्याला काय वाटत असेल? त्याच्या शेजारी बसून तेच पान प्रबंधात जसेच्या तसे उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याने याचा विचार करावयास नको काय?

म्हणून पुढच्या पिढीच्या संशोधकांनी नवी साधने घडविली. भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण संस्थेने कुमार सुरेश सिंह यांच्या नेतृत्वाखाली १९८५ साली आरंभिलेल्या 'पीपल ऑफ इंडिया' प्रकल्पात ४,६३५ समाजांचे वर्णन झाले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करविली. १९६१च्या जनगणनेबरोबर निवडक खेड्यांच्या स्वतंत्र पुस्तिका निघाल्या. त्या आज कोणी मागत नाही आणि म्हणूनच त्या सर्वप्रथम नाहीशा होतात.

नाहीशा होतात हे शब्दशः खरे. १९६७च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे पसरले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु जागा अपुरी पडली की कादंबऱ्यांची फडताळे जपली जातात आणि जिल्हा जनगणना पुस्तिका, पंचवार्षिक अहवाल, जुन्या परिषदांची इतिवृत्ते सुतळीने बांधून जिन्याखाली जातात. तेथून रद्दीवाल्याच्या तराजूत. मोठ्या संस्थांत त्यांच्या प्रती असतील. पण तालुक्याच्या विद्यार्थ्याला मुंबई-पुण्याचे भाडे परवडले पाहिजे ना? गांधीनगरच्या केंद्राने चालविलेल्या 'शोधगंगा' या भांडारात हजारो प्रबंध घरबसल्या वाचता येतात, हे खरे. तथापि त्या प्रबंधातील आकडा मुळाशी ताडून पाहायचा तर मूळ खंड कोठे तरी शिल्लक हवा.

आणि तो लागणारही आहे. १९३१ नंतर सर्व जातींचे आकडे जनगणनेत प्रसिद्धच झाले नाहीत. मंडल आयोगाने १९८० मध्ये अहवाल दिला तो याच पन्नास वर्षांपूर्वीच्या तक्त्यांवरून अनुमान बांधून. ज्या वादाने पुढे देश ढवळून निघाला, त्याच्या पायाशी ग्रंथालयातील हे धुळकट खंड होते! २०२५ साली केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जातिनिहाय गणना करण्याचा निर्णय घेतला. तिचे आकडे बाहेर पडतील तेव्हा प्रत्येक पक्ष, प्रत्येक संघटना, प्रत्येक वाहिनी ते आपापल्या सोयीने वाचेल. १९३१ मध्ये अमुक जात कोणत्या नावाखाली मोजली होती, कोणत्या पोटजाती तीत मिसळल्या होत्या, मुंबई इलाखा, हैदराबाद संस्थान आणि मध्यप्रांत-वऱ्हाड येथील मोजणीत काय भेद होता, हे सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक तालुक्यात असावा.

त्यासाठी लागते ते फार नाही. एक कपाट, त्यात आपल्या जिल्ह्याचे गॅझेटिअर, उपलब्ध असतील तितक्या जनगणना पुस्तिका, 'गांव-गाडा', एखादा परिभाषा कोश, आणि शेजारी एक टेबल. येत्या दिवाळीच्या सुट्टीत दोन-चार विद्यार्थ्यांनी ग्रंथपालांबरोबर बसून जिन्याखालचे गठ्ठे सोडले आणि कोणत्या सालचे काय आहे याची वहीत नोंद केली, तरी कपाटाचा पहिला खण भरेल.