पेन्सिलीने आखलेली रेघ

कविसंमेलन संपलं की कुणीतरी हमखास जवळ येतं आणि कौतुकानं विचारतं, 'तुमचं मराठी इतकं छान कसं?' पन्नाशी उलटली, तरी प्रश्न तोच आहे. मी म्हणतो, 'आईकडून आलं.' नाव ऐकून माणसाचा गट ठरवायची आपली सवय जुनीच. म्हणून असेल, पण माझ्यासारखा साधा बी. ए. झालेला माणूस एका फुलपाखराच्या गोष्टीत गुंतून पडला.

त्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅस्ट्राप्टिस फल्गरेटर. अंगावर निळी चमक, पंखांवर पांढरा पट्टा. त्याचं पहिलं वर्णन १७७५ सालचं. तेव्हापासून ही एकच जाती मानली गेली. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात डॅनियल जान्झेन आणि विनी हॉलवॉक्स हे दांपत्य रानातले सुरवंट गोळा करून वाढवत होतं. कोण कुठल्या झाडाचा पाला खातो, याच्या नोंदी ठेवत होतं. पंचवीस वर्षांच्या या कामात एक गंमत दिसली. फुलपाखरं जवळजवळ एकसारखी; पण सुरवंटांचे रंग निराळे, त्यांची झाडंही निराळी.

कॅनडातले पॉल हेबर्ट यांनी २००३ साली एक युक्ती सुचवली होती. प्राण्यांच्या डीएनएचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा एक ठरावीक तुकडा वाचायचा आणि त्यावरून ओळख पटवायची, दुकानातल्या बारकोडसारखी. डीएनएची अक्षरं चारच. दोन जिवांचे तुकडे शेजारी ठेवून ती जुळवायची. फरक थोडा असला तर एक गट, बराच असला तर दुसरा. हे तुकडे आणि त्या जुन्या नोंदी एकत्र पाहिल्यावर २००४ साली निष्कर्ष आला: तिथं एक नव्हे, निदान दहा जाती आहेत.

पण गोष्ट इथं संपत नाही. अँड्र्यू ब्राउअर यांनी तीच माहिती २००६ साली पुन्हा तपासली आणि म्हटलं, निदान तीन, फार तर सात. शिवाय हा तुकडा फक्त आईकडून येतो, बापाची बाजू त्यात नसते. मग किती फरक म्हणजे वेगळेपण? मातीतल्या-पाण्यातल्या जिवाणूंच्या बाबतीत तर अनेकदा हाती अक्षरंच असतात. तिथं एका विशिष्ट जनुकात ९७ टक्के साम्य म्हणजे एक गट, असा संकेत पुष्कळ वर्षं चालला. ही रेघ निसर्गानं आखलेली नाही. म्हणून जाणकार त्याला जाती म्हणत नाहीत, कामापुरता मानलेला गट म्हणतात.

तरी रेघ आखावी लागतेच. दहा जाती एकच म्हणून मोजल्या आणि त्यांतल्या एकीचं झाड रानातून नाहीसं झालं, तर ती कायमची जाईल आणि आपल्या वहीत काहीच उणं झालेलं दिसणार नाही. जिचं नाव नोंदलेलं नाही, तिच्यासाठी कोण रडणार?

विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत असतो, तोच 'जाती' हा शब्द मी वापरला. तो उच्चारताना मी थबकतो. फुलपाखरांच्या जाती ठरवताना माणसानं पंचवीस वर्षं पाला मोजला, अक्षरं जुळवली, तरीही 'निदान' आणि 'फार तर' असे शब्द राखून ठेवले. आणि कुठल्याही दोन माणसांच्या डीएनएत हजारात साधारण एका अक्षराचा फरक असताना, आपण एकमेकांचे गट नुसत्या आडनावावरून ठरवतो, तेही पक्क्या शाईनं.

पुढच्या संमेलनात तो प्रश्न येईलच. मी रागावणार नाही. फक्त म्हणेन, 'बसा, चहा घेऊ. माझ्या आईबद्दल सांगतो.'