निकालाची प्रत जपून ठेवा



सतरा वर्षांचा असताना मोहल्ल्यातल्या हाणामारीत माझं नाव आलं. बाल न्याय मंडळानं समज देऊन घरी सोडलं. चार वर्षांनी पोलीस पडताळणीत तेच प्रकरण वर आलं आणि हाताशी आलेली नोकरी गेली. अब्बा म्हणाले, “नशीब!” नशीब कसलं? आम्हाला कायदाच ठाऊक नव्हता.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं : अल्पवयातल्या गुन्ह्यामुळे पुढे अपात्र ठरवता येत नाही, ठरावीक मुदतीनंतर नोंदीही नष्ट करायच्या. सोळा वर्षांवरील मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यांप्रमाणे खटला चालून दोष सिद्ध झाला, तर मात्र ही सवलत नाही.

निकालाची प्रत जपा. अडवणूक झाली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. पात्र असाल तर वकील मोफत मिळतो. मी गप्प बसलो. तुम्ही बसू नका.