घरचा हिशेब आणि वहीतला हिशेब
(बदलापुराजवळील एका गावी पालकांच्या सभेत केलेले भाषण)



"आमचे पोर गणितात ढ आहे," असे आपणांपैकी पुष्कळजण आम्हांस सांगतात. पोर ढ नाही. घरच्या हिशेबाची व वहीतल्या हिशेबाची त्यास कोणी ओळख करून दिली नाही, एवढेच.

जांभळांच्या दिवसांत आपल्या बाया पाट्या घेऊन स्टेशनापाशी बसतात. जवळ नऊ-दहा वर्षांची मुलगी असते. तीस रुपयांना वाटा. गिऱ्हाइकाने पाच वाटे घेऊन दोनशेची नोट दिली, की ती मुलगी बोलता बोलता पन्नास परत देते. तीच शाळेत वाचते : "एका वहीची किंमत ३० रुपये. ५ वह्या घेऊन २०० रुपये दिले, तर किती परत मिळतील?" आणि आम्हांस विचारते, "गुरुजी, गुणायचे का वजा करायचे?"

हे आपल्याकडेच घडते असे नव्हे. ब्राझील देशातील रेसिफे शहरी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांची तपासणी झाली, ती १९८५ साली प्रसिद्ध झाली. माल विकताना त्यांची शेकडा ९८ उत्तरे बरोबर आली. तसलेच आकडे कागदावर नुसते मांडून दिले तेव्हा ३७, आणि गोष्टीच्या रूपाने घातले तेव्हा ७४. बारा वर्षांच्या एका मुलास ३५ चा एक याप्रमाणे दहा नारळांची किंमत विचारली. तीन नारळांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, पुन्हा तीन घेऊन ३१५, वर एक, म्हणजे ३५० ! पस्तिसांपुढे शून्य मांडण्याची शाळेची युक्ती त्याने वापरली नाही, पण उत्तर चुकले काय? दिल्ली-कलकत्त्याच्या बाजारांतील मुलांविषयी २०२५ साली असेच प्रसिद्ध झाले. आणि शाळेत शिकणारी मुले बाजारच्या सौद्यात अडली, हेही त्यात आहे.

तेव्हा माउल्यांनो, "मला अडाणीला काय कळते?" असे म्हणू नका. वह्यांच्या जागी जांभळांचे वाटे घालून तोच प्रश्न पोरास त्याच्या तोंडाने सांगावयास लावा. उल्हासनगरात कपडे शिवावयास जाणाऱ्या बापाने घरी येऊन विचारावे : आज ८५ नग झाले, समजा नगास १२ रुपये, तर किती? ऐंशींचे ९६०, पाचांचे ६०, मिळून १०२०, असे पोर बोटांवर सांगेल. मग म्हणावे, हेच आता वहीत लिही. घरच्या म्हाताऱ्यास पावकी, निमकी, दिडकी येत असेल, तर तो घरातला मास्तरच समजा.

मदत मागण्यात लाज नाही. परंतु मागण्याची रीत असते. "उत्तर सांग" म्हणणाऱ्यास शेजारचा पोरगा उत्तर देतो, गाईड देते, आता मोबाईलही देतो. वही भरते आणि डोके तसेच राहते. "इथपर्यंत आलो, पुढे अडलो" असे म्हणणाऱ्यास मात्र पुढची एकच पायरी दाखवावी व गप्प बसावे. गप्प बसणे फार कठीण, हे आम्ही मास्तर लोक जाणतो.

एवढा खटाटोप कशाला? १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. त्या खतांवर निशाणी करणाऱ्या कित्येकांस आत काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे प्राथमिक शाळांसाठी मोडी-बालबोधाबरोबर हिशेबही मागितला, तो उगाच नव्हे. आजही "तीनच टक्के" म्हणून कोणी दहा हजार देतो. तीन दरमहा, हे पाहावे : महिन्यास ३००, वर्षास ३६००, आणि मूळ दहा हजार जागच्या जागी ! सातवीतल्या पोरास हा हिशेब येतो. सही करण्यापूर्वी त्यास कोणी विचारीत नाही.

येत्या गुरुवारपासून संध्याकाळी सहाला आम्ही शाळेच्या ओट्यावर बसणार आहो. अडलेली वही घेऊन मुलांनी यावे. मोठ्यांजवळ कर्जाचा कागद असेल, तर तोही आणावा.