लोखंड, भात आणि माणूस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सिलतरा येथे दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



‘अभियांत्रिकी, निसर्गविज्ञाने आणि सामाजिक शास्त्रे यांतील संशोधनाचे वैविध्य’ हा विषय भारदस्त आहे, आणि भारदस्त विषयांची एक खोड असते. त्यांवर तासभर बोलून झाले तरी श्रोत्याच्या हाती फारसे काही लागत नाही. म्हणून मी विद्यापीठाच्या पायरीपासून आरंभ न करता या सभागृहापासून हाकेच्या अंतरावर रात्रंदिवस फिरत असलेल्या भट्टीपासून आरंभ करतो. आपल्यापैकी पुष्कळांचा चरितार्थ तिच्यावर चालतो. तिची काजळी आपल्या सर्वांच्याच गच्चीवर पडते.

आपल्या मराठी घरांत विद्याशाखांची एक उतरंड ठरून गेलेली आहे. मुलगा अगर मुलगी हुशार असेल तर अभियांत्रिकी किंवा वैद्यक. तेथे प्रवेश हुकला तर विज्ञान. आणि काहीच जमले नाही तर बी. ए. समाजशास्त्रात किंवा मानववंशशास्त्रात संशोधन करावयाचे आहे असे एखाद्या मुलीने घरी सांगितले, तर तिच्या आईवडिलांच्या मुद्रेवर जे भाव उमटतात ते मी पाहिलेले आहेत. ही उतरंड पोटाच्या चिंतेतून आली आहे, आणि घरापासून शेकडो मैल दूर येऊन संसार उभारलेल्यांनी ती चिंता करावी यात गैर काहीच नाही. तथापि ज्ञानाच्या दृष्टीने ती खोटी आहे, आणि तसे का म्हणतो ते भट्टीतच पाहू.

स्पंज लोखंडाची भट्टी म्हणजे किंचित कललेली, मंद गतीने फिरणारी एक आडवी पोलादी नळी. आतून उष्णतारोधक अस्तर. दिवसाला शंभर टन माल देणारी भट्टी सुमारे ४२ मीटर लांब असते. एका टोकाने खनिज, कोळसा आणि थोडा डोलोमाइट आत जातो. हजार अंश सेल्सिअसच्या आसपास कोळशातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन हिरावून घेतो. लोखंड वितळत मात्र नाही. दगडाचा आकार तसाच राहतो, आत असंख्य छिद्रे पडतात, म्हणून ‘स्पंज’. कोक न लागता, कोरब्याकडच्या राखट कोळशावरही लोखंड होते ही या पद्धतीची थोरवी. या शतकाच्या आरंभापासून स्पंज लोखंडाच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर आहे, त्याचे हेही एक कारण.

पण तीच राख भट्टीला भोवते. राखेतील सिलिका व लोखंडाचे ऑक्साइड यांची कमी उष्णतेवर मऊ होणारी संयुगे बनतात, ती अस्तराला चिकटतात, त्यांवर आणखी थर चढतो आणि आत एक कडे तयार होते. कारखान्यात त्याला ‘रिंग’ म्हणतात. कडे वाढले की मालाची वाट अडते, आणि शेवटी भट्टी बंद करावी लागते.

आता या एका कड्याकडे तीन माणसे कशी पाहतात ते बघा. अभियंता विचारतो, हवा कोठून किती सोडली, कोळशाचा चुरा किती चाळून काढला, तर कडे उशिरा धरेल? त्याचा पुरावा म्हणजे भट्टी अखंड चाललेले दिवस. चार दिवस वाढले तर तो जिंकला. कारण पूर्ण कळले नसले तरी चालते. खनिजशास्त्रज्ञ त्याच कड्याचा तुकडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरतो आणि विचारतो, हे स्फटिक कोणते, कोणत्या उष्णतेला जन्मले, कोणत्या क्रमाने? भट्टी चालते की बंद पडते याच्याशी त्याला तूर्त कर्तव्य नसते, आणि यासाठी त्याला दोष देण्याचे कारण नाही. उपयोगाची घाई केली तर त्याचे उत्तर बिघडते.

तिसरा प्रश्न असा: भट्टी निववल्यावर ते कडे फोडावयास आत कोण शिरतो? तो कायम नोकर आहे की ठेकेदाराचा माणूस? कोणत्या गावचा? आत किती वेळ राहतो, बाहेर आल्यावर काय खातो, छातीत दुखले तर कोणाला सांगतो? हा प्रश्नही त्याच कड्याचा आहे. त्याचे उत्तर सूक्ष्मदर्शकात दिसत नाही आणि उत्पादनाच्या आलेखातही दिसत नाही. त्यासाठी हजेरीपट पाहावा लागतो. त्या माणसाच्या घरी, त्याच्या भाषेत, मुकादम जवळ नसताना बोलावे लागते. आणि त्याने सांगितलेले दुसऱ्या चौघांच्या सांगण्याशी ताडून पाहावे लागते. हे कौशल्य तापमापक वाचण्याहून सोपे आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा प्रयत्न करून पाहावा. मनुष्य समोरच्याला हवे ते उत्तर देतो. खनिज तसे करीत नाही.

लोखंड वितळू न देता करण्याची कला या भूमीला नवीन नाही. मैकलच्या डोंगरांत, मंडला-बिलासपूरकडे, अगरिया नावाची जमात पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या छोट्या भट्ट्यांत, लाकडी कोळशावर, पायांनी भाते दाबून लोखंड करीत असे. त्यांच्या भट्टीतही मळी वितळून वाहून जाई आणि लोखंडाचा गोळा घन स्वरूपात मागे राही. मूळ रसायन तेच, जे आपल्या नळीत चालते. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ मध्ये अगरियांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात भट्टीची घडण आहे, आणि लोहासुर, कोयलासुर व अग्यासुर या देवतांच्या कथाही आहेत. लोखंड, कोळसा आणि अग्नी हे तिघे त्यांचे दैवत! भट्ट्यांवरील कर, कोळशासाठी लाकूड तोडण्यावरचे जंगलचे निर्बंध आणि बाजारातले स्वस्त लोखंड यांनी हा व्यवसाय कसा खंगत गेला, हेही त्यांनी नोंदविले. धातुशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्याला आज या मानववंशशास्त्रीय ग्रंथाची पाने उलटावी लागतात.

याच्या उलट दिशेचे उदाहरण नागपूरचे आहे. जमशेटजी टाटांची पहिली नजर आपल्या चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या खनिजावर होती. पण तेथील बेत जमेना. ते सांगण्यासाठी दोराबजी टाटा नागपूरला सरकारी अधिकाऱ्यांच्या भेटीस गेले, आणि भेट होईपर्यंत वेळ काढावा म्हणून जवळच्या संग्रहालयात शिरले, अशी हकीकत सांगतात. तेथे भिंतीवर मध्यप्रांताचा भूशास्त्रीय नकाशा होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्याचा एक भाग लोहखनिजाच्या खुणेने रंगविलेला होता. भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या पाहणीचे ते फळ. दल्ली-राजहऱ्याचे डोंगर पाहून मंडळी थक्क झाली. परंतु योग्य कोळसा व पाणी जवळ नसल्याने टाटांचा कारखाना अखेर सिंहभूमकडे, साकचीला गेला. ते खनिज पुढे कोणाच्या कामी आले? भिलाईच्या. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. डोंगर चढून दगड फोडणाऱ्या एका माणसाच्या नोंदीला कारखाना मिळण्यास अर्धे शतक उलटून गेले. या संशोधनाचा उपयोग काय, असे त्यांना कोणी विचारले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते?

लोखंडाविषयी इतके पुरे. कारखान्याच्या भिंतीपलीकडे भात आहे.

छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात हे आपण इथे आल्यापासून ऐकतो. त्या कटोऱ्यात किती प्रकारचे दाणे होते, हे मोजण्याचे काम डॉ. राधेलाल रिछारिया यांनी केले. कटकच्या केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेचे ते संचालक होते. पुढे १९७० च्या दशकात रायपूर येथील तांदूळ संशोधन संस्थेत त्यांनी सतरा हजारांहून अधिक नमुने गावोगाव फिरून गोळा करविले. प्रत्येकाबरोबर शेतकऱ्याने सांगितलेले नाव, पिकण्याचा काळ, दाण्याचा वास, कोणत्या जमिनीत येतो, याची नोंद. हे वनस्पतिशास्त्र म्हणावे की लोकांना प्रश्न विचारण्याचे शास्त्र? मला तरी त्यांत रेघ ओढता येत नाही. पुढे ती संस्था बंद झाली. तो संग्रह आज इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात आहे. २००२ मध्ये त्याच्या वापराविषयी एका परदेशी कंपनीशी करार होऊ घातला, तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि करार बारगळला. बियाणे कोणाचे, हा प्रश्न कायद्याचा आणि राज्यशास्त्राचा होता. पण मुळात नोंदच नसती तर भांडावयाचे कशासाठी?

आणि आता त्या भाताच्या पानावर काजळी बसते. बसलेली धूळ प्रकाश अडविते, पर्णरंध्रे बुजविते. हे वनस्पतिशास्त्रज्ञ मोजतो. वारा कोणत्या महिन्यात कोणीकडून वाहतो ते हवामानशास्त्रज्ञ सांगतो. धूळ पकडणारे विजेवर चालणारे यंत्र धुरांड्याला जोडलेले असते. ते अभियंत्याने उत्तम बनविलेले आहे. मग धूळ येते कोठून? ते यंत्र वीज खाते, म्हणून रात्री बंद ठेवले जाते, अशी तक्रार देशात जेथे जेथे हा धंदा आहे तेथे तेथे ऐकू येते. ही तक्रार जेथे खरी असेल तेथे यंत्र सुधारून काय होणार? तेथे खर्चाचा हिशेब, तपासणीची पद्धत आणि गावकऱ्याची ऐपत यांचा अभ्यास हवा. तो यंत्रशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही.

एकाच वस्तूवर अनेक शास्त्रांनी डोके चालविले आणि तरी प्रत्येकाला दुसऱ्याची चाहूल उशिरा लागली, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण कोयना. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते धरण आणि त्याची भूमिगत वीजगृहे हा अभिमानाचा विषय. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथे सहाहून अधिक प्रतीचा भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसे दगावली, आणि जलाशयाच्या पाण्याने भूकंप जागा होतो काय, हा प्रश्न जगभरच्या भूभौतिकीपुढे आला. त्या प्रश्नासाठी या शतकात तेथे सुमारे तीन किलोमीटर खोल विंधनछिद्र घेण्यात आले. कामाचे केंद्र कराडला आहे. दरम्यान १९६९ मध्ये इरावती कर्वे व जाई निंबकर यांची कोयनेच्या विस्थापितांची पाहणी डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली होती. गाव उठले म्हणजे केवळ घर उठत नाही. सोयरीक, देवस्थान, बलुते आणि गुरांचा चारा हेही उठते. किती वीज निर्माण झाली याचा आकडा बोर्डाच्या अहवालात मिळतो. माणसे कोठे गेली हे विचारण्यासाठी मात्र कोणाला तरी त्यांच्या मागोमाग जावे लागले.

शास्त्रांच्या भिंती न जुमानणारा एक मनुष्य आपल्यात होऊन गेला: गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी. व्यवसायाने गणिती. प्राचीन नाण्यांच्या ढिगाऱ्यातील प्रत्येक नाणे त्यांनी तराजूत तोलले. नाणे जितके हातोहाती फिरते तितके झिजते, तेव्हा वजनावरून त्याचा काळक्रम लावता येईल हा त्यांचा तर्क. तो पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही हजारोंनी तोलली. भर्तृहरीच्या सुभाषितांची पाठचिकित्सा केली; पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर फिरून अश्मास्त्रे वेचली; १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशाच पालटणारा ग्रंथ लिहिला. आणि १९४४ मध्ये त्यांनी आनुवंशिकीत एक सूत्र मांडले, जे आज भाताच्या जनुकांचे नकाशे काढणारे लोक त्यांच्या नावाने वापरतात. म्हणजे नाणी तोलणारा हा इतिहासकार येथल्या भातशेतापर्यंत येऊन पोहोचला! सर्वांना कोसंबी होता येत नाही, आणि तसा आग्रह धरणे मुलांवर अन्याय करण्यासारखे होईल. एका शास्त्रात नीट बुडी मारावी. मात्र शेजारचा विहिरीतून काय काढतो आहे, हे विचारण्याइतका शेजारधर्म असावा.

येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. संशोधनाच्या नावाखाली जे छापले जाते त्यातील बरेचसे बढतीसाठी छापलेले असते. सुतळीने बांधलेले प्रबंध ग्रंथालयांत धूळ खातात आणि त्यांची ती गत पुष्कळदा रास्तच असते. हा रोग तिन्ही शाखांना सारखाच जडलेला आहे. अभियांत्रिकी त्यातून सुटली आहे अशा भ्रमात कोणी राहू नये.

रायपूर येथे तिन्ही विद्यांची घरे आहेत. खाणकाम व धातुशास्त्राचे महाविद्यालय १९५६ मध्ये निघाले, ते आज राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थान आहे. रविशंकर विद्यापीठ १९६४ चे, कृषी विश्वविद्यालय १९८७ चे. आणि मराठी माणसाला येथे परक्यासारखे वाटण्याचे कारण नाही. १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे आपलेच. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणाऱ्या सप्र्यांनी नागरी प्रचारिणी सभेच्या विज्ञानकोशासाठी अर्थशास्त्राची परिभाषाही घडविली. शब्द नव्हते, म्हणून प्रथम शब्द केले.

समोर बसलेल्या तरुण मंडळींसाठी एक काम सुचवून थांबतो. सिलतरा, धरसींवा, मांढर या शिवारांत कारखान्यांपूर्वी कोणकोणते भात होत, कोणत्या बांधाला कोणता लावीत, त्यांची नावे सांगू शकणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. दिवाळीच्या सुट्टीत, कापणी चालू असताना, वही घेऊन त्यांच्याकडे जावे. छत्तीसगढी येत नसेल तर येथला एखादा मित्र बरोबर घ्यावा. प्रत्येक नावापुढे शेताची जागा, पिकण्याचे दिवस आणि सांगणाऱ्याचे वय लिहावे. आपल्या वडिलांना भट्टीतील कड्याविषयी विचारून तेही त्याच वहीच्या मागच्या बाजूस लिहावे. आणि भाताचे नाव सांगणाऱ्याच्या तोंडून जसे येईल तसेच उतरून घ्यावे. ते शुद्ध करू नये.