दक्षिण समुद्रातील तुफान आणि ‘थुरिया’



यंदाच्या संमेलनात दर्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आपल्या मंडळींत आज वकील आहेत, डॉक्टर आहेत, बँकेतील अधिकारी तर उदंड आहेत. परंतु मुलगा बोटीवर जातो म्हणाला की घरात सुतक पडल्यासारखे तोंड करणारे आईबापही काही थोडे नाहीत. त्यांची भीती खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. म्हणूनच सुखरूप पार पडलेली सफर न सांगता, वादळाने मोडून टाकलेली सफर आज सांगावी असे योजिले आहे.

1968 साली ‘गोल्डन ग्लोब’ नावाची एक शर्यत निघाली. एकट्याने, कोठेही न थांबता, शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची. नऊ जण निघाले. पुरी केली ती एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी. त्यांची ‘सुहेली’ ही होडी आपल्या मुंबईत बांधलेली होती, हे मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. या शर्यतीस पन्नास वर्षे झाली म्हणून 2018 साली ती पुन्हा भरविण्यात आली आणि अट अशी घातली की, 1968 साली जी साधने होती तेवढ्यांवरच जावयाचे. कागदी नकाशे आणि सूर्य-तारे मोजणारा सेक्स्टंट, एवढ्यावर वाट काढावयाची. आधुनिक यंत्रे होती ती मोहोरबंद पेटीत, केवळ प्राणसंकटासाठी.

या शर्यतीत नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी उतरले. हे मूळचे केरळचे. परंतु त्यांच्या घडणीत मराठी माणसांचा हात आहे. भारतीयाने एकट्याने शिडावर जगाची फेरी करावी, हा ध्यास व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांचा. त्यासाठी ‘म्हादई’ ही नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. 2009-10 मध्ये दिलीप दोंदे यांनी तीतून चार बंदरांवर थांबत फेरी पुरी केली, आणि 2012-13 मध्ये टॉमींनी तीच फेरी कोठेही न थांबता केली. ‘थुरिया’ ही ‘सुहेली’ची प्रतिकृतीही दांडेकरांनीच गोव्यात बांधली. नाव ‘तुरीय’ या शब्दावरून घेतलेले.

1 जुलै 2018 रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून शर्यत सुटली. चाळीस अंश दक्षिणेच्या खाली पृथ्वीभोवती वाऱ्याला अडविणारी जमीन जवळजवळ नाही. पश्चिमेचा वारा तेथे मोकाट धावतो आणि लाटा हजारो मैल वाढत येतात. आपला पावसाळ्यातला दर्या पाहिलेल्यालाही त्याची पुरती कल्पना यावयाची नाही. 82 दिवस झाले होते, टॉमी तिसऱ्या स्थानी होते, आणि 21 सप्टेंबरला तुफानाने गाठले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे 130 किलोमीटर, लाटा 14 मीटरांपर्यंत. होडी उलटली, सरळ झाली तेव्हा डोलकाठ्या मोडल्या होत्या. टॉमी पडून त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. उभे राहवेना, प्यालेले पोटात टिकेना. चालता येत नाही, स्ट्रेचर लागेल, असा निरोप त्यांनी मोठ्या कष्टाने धाडला. सर्वांत जवळचा मोठा किनारा ऑस्ट्रेलियाचा, तोही सुमारे 1,900 सागरी मैलांवर!

याच तुफानात आयरिश स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन यांच्याही डोलकाठ्या गेल्या होत्या. हा गडी स्वतः संकटात. तरी त्याने तात्पुरती काठी उभारली, चिंधीएवढे शीड लावले आणि टॉमींच्या दिशेने सुकाणू वळविले. तो पोचण्याआधीच दुसरी मदत आली, ही गोष्ट निराळी. आम्हांस मात्र या साऱ्या हकिगतीत हा मोडक्या होडीचा संथ प्रवास सर्वांहून मोलाचा वाटतो.

भारतीय नौदलाच्या विमानाने मॉरिशसहून उड्डाण करून होडी हुडकली. मासेमारीवर देखरेख करणारे ‘ओसिरिस’ हे फ्रेंच जहाज हातचे काम टाकून धावले. 24 सप्टेंबरला त्याच्या माणसांनी लहान होड्यांतून जाऊन टॉमींना उचलले, आणि मागाहून मॅकगकिन यांनाही घेतले. अॅमस्टरडॅम बेटावरील इवल्याशा दवाखान्यात उपचार झाले. तेथून ‘आयएनएस सातपुडा’ने त्यांना 6 ऑक्टोबरला विशाखापट्टणमला आणले.

एका माणसाच्या हौसेसाठी तीन देशांनी एवढा खटाटोप का करावा, असा प्रश्न आपल्यापैकी कोणी विचारील. व्यवहारी प्रश्न आहे. परंतु दर्यावर संकटात सापडलेला का निघाला होता, हे विचारीत बसण्याची रीत नाही. जो जवळ असेल त्याने वळावयाचे. आपल्या किनाऱ्यावरील तांडेलांतही हाच कायदा चालत आला आहे, आणि तो कोणी लिहून दिलेला नाही.

टॉमींच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली, धातूच्या कांबी बसविल्या. त्यांना चालणे पुन्हा शिकावे लागले. आवटीसाहेब मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरात निवर्तले. पुढचे पाहावयास ते राहिले नाहीत. 2021 मध्ये टॉमींनी नौदल सोडले आणि सप्टेंबर 2022 मध्ये ते त्याच शर्यतीसाठी, त्याच बंदरातून, पुन्हा निघाले. 236 दिवसांनी, 29 एप्रिल 2023 रोजी, ते दुसरे येऊन परत लागले. पहिल्या आल्या त्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर, आणि त्यांनीही वाटेत वळून, होडी बुडालेल्या एका स्पर्धकाला समुद्रातून वर काढले होते.

वेळ झाली आहे, म्हणून आपली रजा घेतो.